पन्हळ ओलांडणारी मोटर

दमले आहे मी, मित्रांनो. तरी विचारलेत म्हणून सांगते. मी एक जुनी स्टेपर मोटर. पोटात तांब्याच्या तारांची वेटोळी आहेत आणि मोजून पावले टाकत फिरणे एवढेच मला येते.

उमेदीची वर्षे एका कचेरीतल्या प्रिंटरमध्ये गेली. कागद सरळ बाहेर यायचा आणि लोक कौतुक प्रिंटरचे करायचे. पुढे प्रिंटर बिघडला आणि त्याच्याबरोबर मीही रामनगरच्या भंगारात गेले. तिथे गंज खात पडले असताना मृणालिनीने मला उचलले. ही हिंदी मुलखात, नदीकाठच्या दुर्गाघाटावर राहते, बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी तारा जोडत बसते.

तिच्या शरदिनीकाकूंचे गुडघे गेले होते. घाटाच्या पायऱ्या उतरून महादेवाला प्रदक्षिणा घालणे बंद पडले, तशी त्यांची जेवणावरची वासनाच उडाली. म्हणून मृणालिनीने घरच्या पिंडीभोवती फिरणारा एक छोटा दिवा करायला घेतला. काकूंनी पाटावर बसून हात जोडायचे, प्रदक्षिणा दिव्याने घालायची.

पण महादेवाला पुरा फेरा घालत नाहीत. अभिषेकाचे पाणी वाहते ती पन्हळ ओलांडायची नसते. तिथपर्यंत जाऊन मागे फिरायचे आणि उलट्या बाजूने तिच्या दुसऱ्या काठापर्यंत जाऊन परत यायचे. मृणालिनीकडे एक नवी सर्वो मोटरही होती. तिचा तोरा काय वर्णावा! लाइट गेली तरी ती आपली जागा विसरत नाही. मात्र अर्ध्या वर्तुळापुढे तिची मजल नाही. म्हणून काम मला मिळाले, आणि खरे सांगते, मला भरून आले.

सोमवारी सकाळी काकू सोवळे नेसून बसल्या. दिवा पिंडीसमोरून निघाला, पन्हळीशी थांबला, मागे वळला. काकूंचे ओठ हलू लागले. तेवढ्यात लाइट गेली. परत आली तेव्हा मोजलेली पावले विसरून, जिथे उभी होते तीच सुरुवातीची जागा समजून मी चालू लागले आणि दिवा सरळ पन्हळीवरून पलीकडे गेला.

"अगं, ओलांडली की गं!" काकू ओरडल्या.

मृणालिनीने झटकन बटण बंद केले. "भुलक्कड आहे ही, काकू. काढूनच टाकते. सर्वो लावते, भले अर्धीच प्रदक्षिणा होऊ दे."

पुन्हा भंगार!

काकू पिंडीकडे बघत म्हणाल्या, "परसों मी घरची गली विसरले होते. नीलकंठ नाववाल्याने हात धरून दारापर्यंत आणलं. मला बदलून टाकलंस का तू?"

मला काढायला मृणालिनीने पेचकस उचलला होता. तो तिने खाली ठेवला.

तेव्हापासून रोज सकाळी काकू आधी दिवा हाताने पिंडीसमोर आणतात, मगच बटण दाबतात. अलीकडे कधीकधी तेही विसरतात. मग मृणालिनी त्यांचा हात धरते आणि त्या हाताने दिवा जागेवर येतो.

मित्रांनो, थकलेल्याला जागा आठवत नसेल तर रागावू नका. त्याला सुरुवातीशी नेऊन उभे करा. पुढचे तो चालतो.