आईच्या दाराची मूठ

आई आपल्याच खोलीत दीड तास अडकून पडली होती, हे थोरलीला कळलं ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही शेजारणीकडून.

"अगं, काल तुझी आई खिडकीतून हाका मारत होती," शेजारीण जिन्यात म्हणाली. "मी आले धावत, पण बाहेरच्या दाराला कुलूप. मी काय करणार? शेवटी त्यांनीच टॉवेल गुंडाळून मूठ फिरवली, तेव्हा कुठे दार उघडलं. तुला बोलल्या नाहीत?"

बोलली नव्हती. थोरली दोन-दोन पायऱ्या चढत वर आली. आई पलंगावर बसून निवांत वर्तमानपत्र वाचत होती.

"आई, काल काय झालं?"

"कुठे काय?"

"दीड तास!"

"एवढा नाही गं. सव्वा असेल," आई पानामागूनच म्हणाली. "तुला शाळेत फोन केला असता तर तू अर्धी रजा टाकून आली असतीस. आणि फोन तरी कुठे होता? तो बाहेर चार्जिंगला."

थोरली एका शाळेच्या कचेरीत कारकून होती. मुलांचे दाखले, गुरुजींच्या रजा, हरवलेल्या डब्यांच्या तक्रारी, सगळं तिच्या टेबलावरून जायचं. दुसऱ्यांचं काम ती कधी उद्यावर टाकत नसे. पण घरातलं हे दार मात्र दोन महिने रखडलं होतं. आईच्या बोटांचे सांधे धरले होते, मूठ आवळता येत नव्हती. दाराची मूठ तर गोल, पितळी, वर्षानुवर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेली, आणि अलीकडे आतून इतकी झिजलेली की अर्धा फेरा नुसतीच फिरायची. धाकटा भाऊ दर रविवारी म्हणायचा, "ताई, तू हात लावू नकोस. पुढच्या रविवारी मी करतो." असे आठ रविवार गेले होते.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. घंटा होताच थोरली तडक हार्डवेअरच्या दुकानात गेली.

"काका, दाराचं हँडल द्या. गोल नको, दाबून उघडायचं द्या. आडवं असतं ना, तसलं."

दुकानदार काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "दाराच्या कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत किती अंतर? दाराची जाडी किती? उघडतं कुठल्या बाजूला?"

"दार आहे हो काका, दारासारखं दार!"

"ताई, चप्पल घ्यायची तर माणूस पाय घेऊन येतो. दार घेऊन येता येत नाही, म्हणून माप आणायचं."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. थोरलीही हसली, पण कान लाल झाले. ती घरी येऊन टेप शोधायला लागली. शिवणाच्या डब्यात पाहिलं, कपाटावर पाहिलं. आई पलंगावरून बघत होती.

"काय शोधतेस?"

"टेप. कडेपासून भोकापर्यंतचं माप हवंय."

"साठ," आई म्हणाली.

"काय साठ?"

"मिलिमीटर. जाडी पस्तीस. आणि दार आत उघडतं, बिजागऱ्या डावीकडे." आईने वर्तमानपत्राची घडी घातली. "सव्वा तास त्या दारासमोर बसले होते. दुसरं काय करणार?"

टेप सापडली. थोरलीने मोजलं. साठ. दार उघडून कड मोजली. पस्तीस. तिने पुन्हा मोजलं, कारण विश्वासच बसेना.

"आई! डोळ्यांनी मोजलंस?"

"बावीस वर्षं पंख्याच्या कारखान्यात काय लाडू वळत होते?" आई म्हणाली. "जाळी दोन मिलिमीटर इकडची तिकडे असली की मी पट्ट्यावरून उचलून बाजूला ठेवायचे. सुपरवायझर मोजपट्टी लावून बघायचा आणि गप बसायचा."

आई कारखान्यात होती हे थोरलीला माहीत होतंच. पण लहानपणी तिला दिसायची ती संध्याकाळी दमून आलेली, पाय बादलीत सोडून बसलेली आई. पट्ट्यापाशी उभी राहून सुपरवायझरला गप्प करणारी बाई तिने कधी पाहिलीच नव्हती.

"चल," थोरली म्हणाली. "तूच चल दुकानात."

"मी? हे हात घेऊन?"

"हातांसाठीच तर घ्यायचंय हँडल!"

आई कितीतरी आठवड्यांनी घराबाहेर पडली. दोघी सावकाश चालत, कोपऱ्यावर थांबत, दुकानात पोचल्या. आईने मापं सांगितली तेव्हा काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. मग त्यांनी काउंटरवर एकेक हँडल मांडायला सुरुवात केली.

"हे बघा आजी, पितळी, नक्षीदार. सगळे हेच नेतात."

आईने बोटं लावलीच नाहीत. मूठ जशी मिटेल तशी मिटली आणि मनगटाने हँडल दाबलं. "दिसायला राणी, हाताला कैदाशीण. पुढचं दाखवा."

दुसरं फार आखूड निघालं. तिसऱ्याचं टोक बाहेर आलेलं. "यात बाही अडकेल, हातातल्या चहासकट मी खाली." चौथं दाबताना मऊ होतं, पण सोडल्यावर वर यायला आळस करत होतं. आईने मनगटाने दाबलं, मग कोपराने, मग हाताच्या मागच्या बाजूने. दुकानात आलेला एक रंगारी आपलं काम विसरून बघत उभा राहिला. सहावं हँडल साधं होतं, करडं, लांब, टोक दाराकडे वळलेलं. आईने कोपर टेकवलं न टेकवलं तोच खट्‌ असा आवाज झाला.

"हे," आई म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. जसा काही दागिनाच पसंत केला होता.

"बसवायला माणूस पाठवू?" काकांनी विचारलं.

थोरली तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "माणूस आहे आमच्याकडे," आणि तिच्या खांद्यावर आपली वाकडी बोटं ठेवली.

घरी आल्यावर थोरलीने व्हरांड्यात स्टूल ठेवलं आणि त्यावर सगळं सामान मांडलं. स्क्रूड्रायव्हर, पटाशी, हातोडी, नवं हँडल. आई पलंगावर उशीला टेकून बसली.

"आता उंटावरून शेळ्या हाकते," ती खुशीत म्हणाली. "कर सुरू."

पहिला स्क्रू निघाला. दुसऱ्याची खाच पार झिजलेली, स्क्रूड्रायव्हर नुसता घसरायचा. थोरलीने दात ओठ खाल्ले, जोर केला, तळहात लाल झाला. स्क्रू ढिम्म हलेना.

"कुस्ती नको," आई म्हणाली. "भाजीच्या जुडीचं रबर घे. स्क्रूवर ठेव, वरून दाब, आणि हळू फिरव. पकड मिळेल."

मिळाली की! स्क्रू एकदा कुरकुरला आणि वळला. थोरली एवढ्या मोठ्याने ओरडली की खाली कोणीतरी "काय झालं?" म्हणून विचारलं. जुनी मूठ दोन तुकड्यांत तिच्या हातात आली. आतली चौकोनी दांडी झिजून जवळजवळ गोल झाली होती. दाराच्या कडेतून तिने जुना खटका ओढून काढला. काळा, तेलकट, धुळीने माखलेला.

नवा खटका आत गेला, पण त्याची पत्र्याची पट्टी जुन्या खाचेपेक्षा नखभर लांब. थोरलीने पटाशी हातात घेतली.

"मी कधी केलंय हे?"

"आता कर. पेन्सिलीने रेघ मार. रेघेच्या आत राहा, बाहेर जाऊ नकोस. एकदम खोल नाही, सोलल्यासारखं काढ."

लाकडाचे पातळ काप जमिनीवर पडायला लागले. खाच तासायला वीस मिनिटं लागली; संपत आली तेव्हा तिने पटकन जाऊन कुकर चढवला. पट्टी शेवटी लाकडात अशी बसली की बोट फिरवलं तरी लागेना. दोन स्क्रू पिळून तिने ती घट्ट केली. थोरलीला राहवेना. "आई, बघ ना! बघ कशी बसलीय!" म्हणत ती आत आली आणि मोबाइलवर काढलेला फोटो दाखवायला खिसा चाचपायला लागली.

फोन स्टुलावर होता. आणि त्याच वेळी खिडकीतून वाऱ्याचा झोत आला.

दार धाडकन लागलं. नव्या खटक्याने आपलं काम चोख केलं, चौकटीत जाऊन बसला.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दाराला आतून मूठ नाही, बाहेरून मूठ नाही. मधे नुसतं गोल भोक. थोरलीने भोकाला डोळा लावला. स्टूल दिसत होतं. स्टुलावरचा स्क्रूड्रायव्हर दिसत होता. वीतभर अंतरावर!

स्वयंपाकघरात कुकरची पहिली शिट्टी झाली.

"आई, गॅस!" थोरलीच्या पाचावर धारण बसली. "धाकट्याला यायला तास आहे. मी खिडकीतून हाक मारते."

"बाहेरच्या दाराची कडी आतून तूच लावलीस. हाक मारून कोण येणार, चिमणी?" आई उठून उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट गाल लाल झाले होते. "इकडे ये. भोकात बघ. खटक्याच्या मधोमध चौकोन आहे ना? त्यात काहीतरी घालून फिरवायचं, बस्स."

"काय घालू?"

"कंगवा दे."

कंगव्याची दांडी चौकोनात घातली, फिरवली, कडाक्‌. अर्धी हातात, अर्धी आत. ती नखाने काढताना दुसरी शिट्टी झाली.

"किती शिट्ट्यांचा आहे?" आईने विचारलं.

"तीन!"

"मग एक शिल्लक आहे. शिवणाचा डबा काढ. कात्री बंद करून टोकाकडून आत घाल. जिथे अडेल तिथवर दाब. टोकाला निमुळती असते, आपोआप घट्ट बसेल."

थोरलीने कात्री घातली. अडली. ती फिरवायला गेली, तर सटकली.

"थांब." आईने दाराला कान लावला. डोळे मिटले. "पुन्हा घाल. जरा वर. अजून. ऐकलंस? नाही ऐकलंस. मी ऐकलं. आता बसली ती. खांद्याने दार आपल्याकडे ओढता येत नाही, तर उलट बाहेर रेट, म्हणजे खटक्यावरचा भार जाईल. आणि फिरव!"

थोरलीने डाव्या खांद्याने दार रेटलं, उजव्या हाताने कात्री पिळली. आत काहीतरी सरकलं. ते तिला हातात जाणवलं, दातांतसुद्धा जाणवलं. आईने बोटं घालता येईनात म्हणून दाराच्या फटीत वर्तमानपत्राची जाड घडी खुपसली आणि उचकटली. दार आत आलं.

तिसरी शिट्टी व्हायला आणि थोरलीने गॅस बंद करायला एकच गाठ पडली. परत आली तर आई दारात, वर्तमानपत्राची घडी तलवारीसारखी धरून उभी. दोघींना एवढं हसू आलं की थोरली भिंतीला टेकून खाली बसली. आई हसता हसता म्हणाली, "अगं, पण वाराच कसा धावून आला बघ, आपली परीक्षा घ्यायला!"

या वेळी थोरलीने दाराला खुर्ची लावली. दांडी आत घातली, दोन्ही बाजूंनी हँडल बसवली, स्क्रू पिळले. हँडल दाबलं, सोडलं.

"उजवीकडचा खालचा स्क्रू अर्धा फेरा सैल आहे," आई पलंगावरून म्हणाली.

"इतक्या लांबून?"

"खुळखुळतोय की."

थोरलीला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने स्क्रूड्रायव्हर लावला. अर्धा फेरा फिरला आणि घट्ट झाला. ती आईकडे वळून बघतच राहिली. मग तिने खुर्ची बाजूला केली, व्हरांड्यात गेली आणि दार लावून घेतलं. मधे आता भोक नव्हतं. पलीकडे आईची पावलं वाजली, थांबली. मग क्षणभर काहीच नाही.

खट्‌.

दार उघडलं. आई कोपर वर धरून उभी होती.

"पुन्हा," ती म्हणाली आणि आत गेली.

मग ती मनगटाने बाहेर आली. मग हाताच्या मागच्या बाजूने. मग थोरलीला तिने ट्रे आणायला लावला, त्यावर दोन रिकामे पेले ठेवायला लावले आणि दोन्ही हातांत ट्रे धरून कोपराने दार उघडून आली. पेले किणकिणले, पण पडले नाहीत. थोरलीने टाळ्या वाजवल्या. आईने मान लववून त्या घेतल्या.

धाकटा घरी आला तेव्हा व्हरांड्यात लाकडाचे काप, स्टुलावर कात्री, आणि आई नवव्यांदा खोलीतून बाहेर येत होती.

"हे कुणी केलं?" त्याने हँडल वर-खाली करून पाहिलं. "सुतार आला होता?"

"आम्ही," आई म्हणाली.

"आम्ही म्हणजे?"

"कारखाना," आई म्हणाली आणि ट्रे घेऊन स्वयंपाकघरात गेली. धाकटा पटाशीने तासलेल्या खाचेवर बोट फिरवत बराच वेळ उभा होता. मग हळूच म्हणाला, "ताई, मी पुढच्या रविवारी न्हाणीघराचं..."

"तू पक्कड धर फक्त," थोरली म्हणाली.

जेवताना आईने सगळं पहिल्यापासून सांगितलं. वारा सांगताना ती उठून उभी राहिली, कंगवा मोडला तेव्हा तिने तोंडाने कडाक्‌ केलं. भात जरा गिजका झाला होता. कोणाच्याच लक्षात आलं नाही.

रविवारी थोरलीला जरा उशिरापर्यंत झोपायचं होतं. पण सकाळीच आईच्या खोलीचं दार खट्‌ वाजलं, उघडलं, आणि आई आंघोळ करून, पिशवी मनगटाला अडकवून तिच्या पलंगापाशी येऊन उभी राहिली.

"ऊठ," ती म्हणाली. "न्हाणीघराचं पंचावन्न आहे, स्वयंपाकघराचं साठ. आणि दुकान नऊला उघडतं."