चाळीस सैनिकांची आखणी

माघ सरत आला होता. भोगावतीच्या पात्रावरचे धुके विरत होते, पाणी उजळत होते, आणि पेणच्या कौलांवरून उतरलेले कोवळे केशरी ऊन खिडकीतून आत येऊन एका लाकडी पाटावर स्थिरावले होते.

पाटावर सैन्य उभे होते. अंगठ्याच्या पेराएवढे चाळीस रोमन सैनिक. रक्तवर्ण अंगरखे, रजतवर्ण चिलखते, ढालींवर पिवळ्या विजेच्या रेघा. रंगाखालचे अस्तर झाले, रंग झाले, चिलखतांच्या खाचांत काळसर छाया मुरली. उरले होते फक्त डोळे. चाळीस आंधळे वीर प्रकाशात उभे होते, आणि त्यांच्यासमोर भिंग लावून दामूअण्णा बसले होते.

तीस वर्षे अण्णांनी गणपतींच्या डोळ्यांची आखणी केली. डोळे शेवटी, डोळे उपाशीपोटी, डोळे एका श्वासात. गेल्या श्रावणात अर्धांगवायूने उजवा हात नेला, आणि मूर्तींच्या कारखान्यातली त्यांची बसायची चौकी रिकामी पडली. मालक म्हणाले, "अण्णा, नुसते येऊन बसा हो." अण्णा गेले नाहीत. नुसता तर दगडही बसतो!

डाव्या हाताने डोळा साधला तरच चौकीवर पाय ठेवायचा, नाहीतर नाही. पण देवाच्या डोळ्यावर नवा हात बसवायचा नसतो. म्हणून त्यांनी लेकीचे सैनिक मागून घेतले होते. वृंदा दर रविवारी मैत्रिणींशी टेबलावर अशा चिमुकल्या सैनिकांची युद्धे खेळे, आणि या रविवारी हे सैन्य रणात उतरायचे होते.

कुंचला टेकला. बुबुळ ओघळले. पुसले. पुन्हा टेकला, पुन्हा ओघळले, पुन्हा पुसले. ऊन पाटावरून सरकत गेले, चहावर साय धरली. डावा हात थरथरत राहिला. अण्णांना रडू आले, आणि रडण्याचाच राग आला.

उजवा हात ते सदैव उपरण्याखाली झाकून ठेवत. त्या रागात त्यांनी उपरणे भिरकावले, तो थंड, निश्चल हात उचलून पाटावर ठेवला, आणि त्याच्या मनगटावर डावे मनगट टेकले.

थरथर थांबली.

एक श्वास. एक डोळा. एक श्वास. दुसरा डोळा. मेलेला हात टेकू झाला, जिता हात रेघ झाला, आणि शिरस्त्राणांच्या सावलीत एकेक दृष्टी उमलत गेली. चाळिसावा सैनिक पाहू लागला तेव्हा ऊन भिंतीवर चढले होते.

वृंदाने भिंगातून पाहिले आणि तिला हसू फुटले. "अहो अण्णा, हे काय केलंत! हे लढायला निघालेत, आणि डोळे बघा, जणू आशीर्वादच देतायत!"

अण्णा चपापले. सवयीने हात देवाकडेच वळला होता. लांबट, कमलाकृती, करुणामय डोळ्यांच्या चाळीस जोड्या. "पुसू का गं?" त्यांनी विचारले.

वृंदाची नजर पाटावरच्या उघड्या उजव्या हाताकडे गेली. किती महिन्यांनी दिसत होता तो! तिचे हसू मावळले. "मुळीच नाही," ती म्हणाली. "हरले तरी चालेल. वार्निश मारा."

रविवारी ती हरली.

सोमवारी, ऊन कोवळे असताना, अण्णा उपाशीपोटी कारखान्यात शिरले. चौकीवर बसले. आधी उजवा हात ठेवला, त्यावर डावा ठेवला. समोर शाडूचा गणपती होता, अजून न पाहणारा. अण्णांनी श्वास धरला.