ऐनाचा कौल

सोमवारी संध्याकाळी पाचला अनुदानाच्या अर्जांचं पोर्टल बंद होणार होतं, आणि निशिगंधाच्या हातात शुक्रवारीच सरपंचाचं संमतिपत्र पडलं होतं. म्हणजे गंगेत घोडं न्हालं म्हणायला हरकत नव्हती. गोल शिक्का, झोकदार सही आणि 'आमच्या गावाची या संशोधनास पूर्ण संमती आहे' असं ठसठशीत वाक्य. सरपंच निलेशचं गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर हॉटेल होतं. गावाचं नाव दिल्लीपर्यंत जाणार एवढं कानावर पडल्यावर त्याने अर्ज वाचायचे कष्टही घेतले नाहीत. चहा मात्र आग्रहाने पाजला.

निशिगंधा रत्नागिरीतल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. शिकवत असे म्हणजे उरलेल्या वेळात. बाकीचा वेळ समित्या, अहवाल आणि 'मॅडम, तेवढं बघून घ्या' यात जाई. संशोधन हा शब्द तिथे प्राचार्यांच्या भाषणापुरता होता. तिने मात्र तो मनावर घेतला होता, आणि हीच तिची पंचाईत होती. दोन वर्षं ओळीने तिचा अनुदानाचा अर्ज परत आला होता. दोन्ही वेळा शेरा तोच: संशोधकाला नेमकं काय शोधायचं आहे, हे स्पष्ट होत नाही. त्यावर बाईंनी काय करावं? पहिल्या अर्जात पाच उद्दिष्टं होती, ती दुसऱ्यात सात केली आणि आता तिसऱ्यात नऊ. शिकलेल्या माणसाचा हा खास रोग आहे. आपलं म्हणणं समोरच्याला कळलं नाही, की तो तेच आणखी लांबवून सांगतो.

आणि ही शेवटची संधी होती. वयाची मर्यादा यंदा संपत होती. हा अर्ज गेला, की निवृत्त होईपर्यंत समित्या आणि अहवाल, दुसरं काही नाही. हे तिला स्वच्छ दिसत होतं.

अर्ज होता तिच्या माहेरच्या गावच्या देवरहाटीवर. देवरहाटी म्हणजे वाघजाईच्या देवळाभोवतीचं, देवीच्या नावाने राखलेलं दाट रान. देवळासमोर एक ऐन होता, चार माणसांच्या कवेत न मावणारा. त्याच्या खोडात एक बारीक पोकळ गिरमिट फिरवून पेन्सिलीएवढी काडी बाहेर काढायची आणि तिच्यावरची वर्तुळं वाचून मागच्या शे-दोनशे वर्षांचा पाऊस मांडायचा, असा बेत होता. कोकणात हे कुणी केलं नव्हतं. नऊ उद्दिष्टांपैकी आठ भरतीची होती. अर्जाचा जीव या काडीत होता.

रविवारी ती ऐनाचा फोटो काढायला गावी गेली. खोडाभोवती टेप धरून उभी असतानाच महिपतकाका देवळाच्या मागून आले. काका गावचे पहिले मानकरी, तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं आणि संमतिपत्र पुढे केलं. काकांनी ते चष्मा लावून वाचलं आणि घडी घालून परत दिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, निलेशचा शिक्का रस्त्याला चालतो, नळाला चालतो. रहाटी काही पंचायतीची नाही. उद्या सकाळी नारळ घेऊन ये, आईला विचारू.

निशिगंधाने कागद पर्समध्ये टाकला. वाऱ्याने मोडलेली फांदीसुद्धा या रानातून कौल लावल्याशिवाय उचलत नाहीत, हे तिने फ्रॉकात असल्यापासून पाहिलं होतं. ती विसरली नव्हती. नकार येईल या भीतीने तिने विचारायचंच टाळलं होतं आणि सरपंचाच्या सहीआड लपली होती. बाहेरून आलेल्या संशोधकाची ही चूक झाली असती, तर तिला माहीत नव्हतं म्हणता आलं असतं. गावच्या लेकीला ती सोयही नव्हती.

सोमवारी ती भल्या सकाळी देवळात हजर झाली. अर्जावर सोबत काम करणारा हर्षद कॉलेजात संगणकापाशी बसून होता आणि तिचा फोन पर्समध्ये सारखा थरथरत होता. केरू गुरवाने देवीला आंघोळ घातली, भिजवलेल्या पाकळ्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. काकांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि तिला गाऱ्हाणं सांगायला खुणावलं.

तिने सांगायला सुरुवात केली. वृक्षांची गणना, मातीचा पोत, झऱ्याचं पाणी, बुरशी, पक्ष्यांनी पसरवलेलं बी... चौथ्या मुद्द्याला केरूने चुळबुळ केली. पाचव्याला काकांनी हात वर केला.

"असा नको गो बाय. आईला येका टायमाला येकच इचारायचा. तुला काय व्हया ता येक सांग."

तिचा चेहरा तापला. दिल्लीच्या समितीचा शेरा वाघजाईच्या देवळात पुन्हा ऐकायची वेळ आली होती. तिने एकेक विचारायला घेतलं. रहाटीत शिरून झाडं मोजू का? उजवी पाकळी पडली. खाली पडलेली पानं आणि बिया उचलू का? उजवी. चिमूटभर माती? जरा वेळ लागला, पण उजवीच. निशिगंधाचा धीर वाढला. मग तिने ऐनाचं विचारलं.

पाकळ्या दोन्हीकडे चिकटून राहिल्या. केरू तोंडाने काहीतरी पुटपुटत होता, गाभाऱ्यात धुराने डोळे चुरचुरत होते, आणि पीएचडी झालेली ही बाई दोन ओल्या पाकळ्यांवर नजर रोखून उभी होती. पाकळी पडते ती पाण्याने आणि वजनाने, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही उजवी पडावी म्हणून ती मनातल्या मनात विनवत होती. डावी पाकळी सुटली आणि खाली आली.

गाऱ्हाणं फिरवून एकदा पुन्हा मांडता येतं, तशी रीत आहे. तिने मांडलं. भोक बारीक असेल, मेणाने बुजवीन, झाडाला इजा होणार नाही. या वेळी डावी पाकळी लगेच पडली.

"तिसऱ्यांदा नाय इचारायचा," काका म्हणाले, आणि पाषाणाकडे बघत उभे राहिले.

रत्नागिरीला परतताना गाडी चालवता चालवता ती रडली. हो, रडली. दु:खाने कमी आणि संतापाने जास्त. उभ्या आयुष्यातली एक संधी, आणि ती कशावर अडली तर फुलाच्या पाकळीवर. कॉलेजात पोचली तेव्हा हर्षद देव पाण्यात घालून बसल्यासारखा बसला होता. सगळं ऐकल्यावर त्याने संमतिपत्राकडे बोट दाखवलं. सही आहे, शिक्का आहे, नियमात बसतं. अर्ज जसा आहे तसा चढवू या. प्राचार्यही डोकावून गेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की समितीतलं कुणी वाघजाईला फोन लावून खातरजमा करणार नाही.

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. समितीला कधीही कळलं नसतं. काकांनी तिला अडवलंही नसतं. फक्त त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं मोजकं केलं असतं. तिने माउसवर हात ठेवला. 'सादर करा' असं लिहिलेलं बटण समोर होतं.

आणि तिथे तिचं बोट अडलं. देवीच्या कोपाला ती भ्याली, असं कुणाला वाटत असेल तर त्याने ते डोक्यातून काढून टाकावं. तिला भलताच प्रश्न पडला होता. हे रान मुळात उरलं कसं? डोंगरापलीकडच्या गावातही अशीच रहाटी होती. तिथे पुढे कौल लावणं बंद पडलं, आणि आज तिथे बुंधे आहेत. इथे मात्र कुणाला घरासाठी वासा हवा होता, कुणाला होडीसाठी लाकूड, कुणाला चितेसाठी. प्रत्येकाची नड तिच्याइतकीच खरी होती. त्यांनी विचारलं, देवीचं 'नाही' आलं, आणि ते हात हलवत घरी गेले. ज्या ऐनाचं वय मोजायला ती निघाली होती, तो अशा परत गेलेल्या माणसांमुळे उभा होता. आणि त्या सगळ्यांत पहिली न ऐकणारी ती ठरणार होती, तीसुद्धा त्याच झाडाचा अभ्यास करण्यासाठी.

तिला स्वतःची शरम वाटली. आणि शरमेच्या मागोमाग, अगदी तिला लागून, अर्ज दिसला.

तिने हर्षदला खुर्ची जवळ ओढायला सांगितलं आणि नऊच्या नऊ उद्दिष्टं पुसून टाकली. हर्षदचा चेहरा पांढराफटक पडला. ऐनाची काडी गेली, पावसाचा आलेख गेला, बुरशी आणि पक्षीही गेले. उरला एक प्रश्न: या रहाटीत नकाराने काय राखलं? दोन्ही गावांतली झाडं मोजायची. कौलात कुणी काय मागितलं, काय मिळालं आणि काय नाही, हे म्हाताऱ्यांकडून गोळा करायचं. आणि दोन्ही एकमेकांशेजारी मांडायचं. सरपंचाच्या पत्रासोबत तिने एक पान स्वतः जोडलं. गावाने कशाला परवानगी दिली आणि कशाला नाही दिली, हे त्यात सरळ लिहिलं. ऐनाचा नकारही लिहिला.

मग नुसती धावाधाव. खर्चाचे आकडे बदलायचे, गोषवारा नव्याने लिहायचा, हर्षद टाइप करतोय, ती सांगतेय, मधेच वीज गेली आणि दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. बॅटरीने तग धरला म्हणून बरं. वीज परत आली तेव्हा पोर्टल कासवाच्या गतीने चालत होतं, कारण देशभरातले सगळे आळशी विद्वान त्याच वेळी त्यावर तुटून पडले होते. पाचला काही मिनिटं उरली असताना पडद्यावर हिरवी खूण उमटली. हर्षदने टेबलावर डोकं टेकलं. निशिगंधाला मात्र वाटलं, आपल्या हाताने आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

मुलाखत पावसाळ्यानंतर झाली, संगणकाच्या पडद्यावर. पाच चेहरे, त्यातल्या एका बाईंनी आधीचे दोन्ही अर्ज काढून ठेवले होते. त्यांनी इंग्रजीत विचारलं, की खोडाचा नमुना घेणं ही तुमच्या अर्जातली सगळ्यात जमेची बाजू होती. पंचायतीचं पत्रही तुमच्याकडे होतं. मग ती का सोडलीत?

निशिगंधाने उत्तर पाठ केलं होतं, चांगलं तीन परिच्छेदांचं. ते ऐन वेळी तोंडात आलंच नाही.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "नाही आलं."

एवढ्याशा उत्तरावर आपण बुडालो, असं तिला वाटलं. मग त्या बाई पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, की आता तुम्हाला काय शोधायचं आहे ते आम्हाला कळलं.

मंजुरीची मेल आली तेव्हा ती प्रात्यक्षिकाच्या तासाला होती. हर्षद व्हरांड्यातून धावत आला, प्राचार्यांनी पेढे मागवले आणि आपण सुरुवातीपासूनच पाठीशी होतो हे सर्वांना सांगितलं. तिला आनंद झाला, अगदी पोटभर झाला. तरी साहित्याच्या कपाटापाशी जाऊन न वापरलेलं ते गिरमिट खोक्यात ठेवताना तिचे डोळे भरून आलेच. ऐन किती वर्षांचा आहे, हे तिला आता कधीच कळणार नव्हतं.

रविवारी ती नारळ घेऊन गावी गेली. महिपतकाकांनी तो देवीपुढे फोडला, खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला, आणि दोघं देवळाच्या पायरीवर ऐनाकडे तोंड करून बसली. काकांनी मान वर करून शेंड्याकडे पाहिलं.

"निशा, त्या काडीनं खरंच कललं असता, ह्यो किती वर्साचा ता?"

कळलं असतं, ती म्हणाली. चार-दोन वर्षं इकडे तिकडे, पण कळलं असतं.

काकांनी मान हलवली. "माझ्या आजानं त्येच्या आजाला इचारलेला. त्येलाबी ठाव नव्हता. मी पोर असल्यापासून ह्या झाडाखाली बसतो, आनि ह्योच इचार करतो." मग त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिशी गाऱ्हाना तुजा होता. पन मनातनं मी पन उजवाच कौल मागत होतो गो."