पहिल्या रांगेतली खुर्ची

"मामा, मागे काय बसताय? तुमची खुर्ची पुढे आहे," असं म्हणत भाचीने हाताला धरून मला पहिल्या रांगेत नेलं. मीही मोठ्या तोऱ्यात जाऊन बसलो.

भाची हवामानाची संशोधक. उन्हाळे का तापत चाललेत याचे तिचे आलेख आमच्या घरात सगळ्यांनी पाहिलेत आणि कुणालाही कळलेले नाहीत. अशाच संशोधकांसाठी तिच्या संस्थेने प्रशिक्षण ठेवलं होतं. आपलं ज्ञान लोकांच्या कामी कसं आणायचं, निर्णय घेणाऱ्यांच्या गळी कसं उतरवायचं, हे त्यात शिकवत. आज समारोपाची भाषणं होती. ऐकायला बोलावलेल्या मोठ्या मंडळींत आमच्या इस्पितळाच्या धुलाईघराच्या व्यवस्थापक बाईही होत्या.

त्या धुलाईघरात मी चादरींना इस्त्री करणारं मोठं यंत्र चालवायचो. तापलेल्या रुळाखाली ओली चादर जाते आणि पलीकडून करकरीत होऊन येते. गेल्या उन्हाळ्यात मी तिथेच चक्कर येऊन कोसळलो. यंत्रावरच्या जोडीदाराने मागे ओढलं म्हणून हात वाचला. दोघांनीही तोंडाला कुलूप लावलं, कारण चक्कर येणाऱ्याला यंत्रावर ठेवत नाहीत, आणि मला त्या यंत्राशिवाय दुसरं काही येत नाही. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. भाची तिथलं तापमान मोजायला आली, तेव्हा तिला मात्र सांगून बसलो. कडेवर खेळवलेली पोर, तिच्यापासून काय लपवायचं?

"कुठे बोलू नकोस हं."

"तुमचं नाव कुठेही येणार नाही, मामा. शब्द देते."

मग तिने आमच्याच स्वयंपाकघरात भाषणाचा सराव केला. आलेखावर आलेख. मला डुलकी लागली.

"बघा, तुम्हीही झोपलात," ती हिरमुसली. "आमच्या शिकवणाऱ्या बाई म्हणतात, आकड्यांनी कुणाला पाझर फुटत नाही. एक माणूस उभा कर."

"मग कर की," मीच म्हणालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

समारोपाला तिने एकही आलेख दाखवला नाही. तापलेला रूळ, ओल्या चादरी, कोसळणारा माणूस, त्याला ओढणारा जोडीदार, आणि मग दोघांनी पाळलेली चुप्पी. खोटं कशाला बोलू, पोरगी झकास बोलली. माझ्याच अंगावर काटा आला. तो माणूस मीच, हे डोक्यात शिरायला जरा वेळ लागला.

"हा माणूस माझ्या आईचा भाऊ," ती म्हणाली, "आणि ते आज इथे आहेत. मामा, जरा उभे राहता?"

राहिलो. काय करणार? सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. व्यवस्थापक बाईही वाजवत होत्या. मग त्यांनी मला ओळखलं आणि त्यांचे हात थांबले.

भाषणाचा उपयोग झाला, हे मान्य करायलाच हवं. धुलाईघरात मोठे पंखे लागले, थंड पाणी आलं, मधल्या वेळेला विश्रांती मिळू लागली. जोडीदाराला लपवाछपवीबद्दल ताकीद मिळाली. तो आता मला पाहिलं की मान फिरवतो. मला 'तब्येतीसाठी' धुलाईघराच्या फाटकावर बसवलं. फाटकावर सावली नाही.

परवा भाची तिथे आली. चेहरा नुसता फुललेला.

"मामा, पुढच्या तुकडीला तुम्हाला भेटायचंय. आमच्या बाई तुमचंच उदाहरण देतात."

"तुला म्हणालो होतो ना गं, कुठे बोलू नकोस म्हणून?"

ती खरंच गोंधळली. "पण नाव कुठे घेतलं मी? आणि बघा ना, केवढा बदल झाला."

नाव नव्हतंच घेतलं. शब्द पाळला होता तिने. परक्याने केसाने गळा कापला असता तर शिव्या तरी घातल्या असत्या. मी तिला एवढंच म्हटलं, "ऊन लागेल, जा तू."

ती गेल्यावर वॉर्डाकडे जाणारी चादरींची गाडी फाटकाशी थांबली. वरच्या चादरीच्या कडेला चुणी पडली होती. नवा माणूस अजून घाई करतो. मी तळहाताने ती दाबून सरळ केली. चादर अजून गरम होती. मग फाटक उघडलं.