जास्तीचं पुडकं

अश्लेषाने सुकेळ्यांची चळत केळीच्या वाळक्या पानात गुंडाळली, केळीच्याच सोपटाच्या दोरीने गाठ मारली आणि पुडकं टोपलीत ठेवायला हात पुढे केला, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या,

"ते टोपलीत नको. इकडे दे."

"कुणाचं आहे?"

"आहे एकाचं."

सावित्रीबाईंनी पुडकं घेतलं, गाठ ओढून पाहिली आणि पदराआड धरून आत गेल्या. देवघराच्या फडताळाचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हात रिकामे होते. काहीच झालं नाही अशा थाटात त्या पुन्हा पाटावर बसल्या आणि पुढचं पान पुसू लागल्या.

राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात पसरायची, सूर्य कलला की आत घ्यायची, सकाळी पुन्हा पसरायची, ती सुकून सुकेळी होईपर्यंत. निर्मळ गावात आता हा खटाटोप करणारी घरं थोडी उरली होती. राऊतांकडची सुकेळी विकायला कधीच जात नसत. ती ठरलेल्या घरी जात. नणंदेच्या सासरी, मामांकडे, डॉक्टरांकडे, कुंपणापलीकडे रिटाकडे. ज्या घरी पुडकं गेलं त्या घराचं आपल्यावर काहीतरी ऋण आहे, हे गावात कुणी कुणाला समजावत नसे. म्हणून तर टोपली डोक्यावरून उघड जायची. हे एक पुडकं मात्र दर वर्षी फडताळात जायचं आणि संध्याकाळपर्यंत तिथे नसायचं.

पहिल्यांदा तिला वाटलं होतं, नवस असेल. पण नवसाची सुकेळी देवापुढे दिसली असती.

यंदा तिने दुसराच अंदाज बांधला होता. काल धुवायला टाकलेल्या उमंगच्या शर्टाच्या खिशात विद्याधरभाऊंच्या कार्यालयाचं कार्ड निघालं होतं. विचारलं तर म्हणाला, "गटाराचं काम होतं." गटाराच्या कामाला नवरा इस्त्रीचा शर्ट घालून जात नाही. उमेळ्याच्या आत्यांची वाडी अशीच गेली होती. आधी कुणाचं तरी कार्ड, मग जमीन मोजायला आलेली माणसं, मग पत्र्याचं कुंपण आणि आत सात मजले. आपल्या वाडीचंही असंच काही शिजत असेल आणि घरात फक्त तिलाच ठाऊक नसेल, तर ते पुडकं कुठे जातं हे सांगायला ज्योतिषी नको होता.

त्यात आज संध्याकाळी विद्याधरभाऊंची निवडणुकीची सभा होती.

"तू खरंच उठून विचारणार आहेस?" उमंग अंगणात स्कूटरचा आरसा पुसत होता. स्वच्छ आरसाच पुन्हा पुसत होता.

"रिटाला शब्द दिलाय."

"शब्द द्यायच्या आधी मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?"

त्याने फडकं झटकलं. मग म्हणाला, "इतक्या वर्षांनी विचारून काय होणार आहे? तेव्हा सगळ्या देशात तेच चाललं होतं. दिल्लीत माणसं ऑक्सिजनवाचून रस्त्यावर मेली."

"मी देशाला कुठे विचारतेय? आपल्या समाजमंदिराचं विचारतेय."

"माणूस परत निवडून येणार आहे, अश्लेषा. आपल्याला इथेच राहायचंय."

"आहे ना? इथेच?" तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "का वाडीचं काही ठरलंय?"

"वाडीचं?" त्याला खरोखर कळलं नव्हतं. तिला ते दिसलं, आणि दिसूनही संशय हटला नाही. फक्त त्या संशयाला टेकायला जागा उरली नाही.

आत आर्या झोपेतून उठून रडू लागली तशी ती गेली. लेकीचे घामाने चिकटलेले केस मागे सारले, वेणी घातली, वेणीला घरच्याच मोगऱ्याच्या चार कळ्या खोवल्या. पोरगी आजीकडे पळाली. सावित्रीबाईंनी तिच्या हातात एक सुकेळं दिलं आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या,

"पोरीला नको नेऊ सभेत. धूळ असते."

"रिटा घेऊन बसणार आहे तिला."

"रिटा," सावित्रीबाई एवढंच म्हणाल्या आणि पान पुसत राहिल्या.

दुसऱ्या लाटेच्या त्या एप्रिलमध्ये विद्याधरभाऊ इथले नगरसेवक होते. समाजमंदिरात त्यांनी ऑक्सिजन केंद्र उघडलं. हवेतून ऑक्सिजन ओढणारी पाच मशिनं, पांढऱ्या चादरींच्या गाद्या, फीत, फोटो. फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर आला. तो पाहूनच रिटाने दुसऱ्या दिवशी नवऱ्याला, अँथनीला, रिक्षात घातलं. केंद्रात गाद्या होत्या. मशिनं नव्हती. राखणदार म्हणाला, दुरुस्तीला गेलीत. रिक्षा वळवून विरारकडे निघाली आणि पोचायच्या आधीच अँथनी गेला. काल आलेली नवी मशिनं आज दुरुस्तीला कशी जातात, एवढाच रिटाचा प्रश्न होता. तेव्हापासून तो तिने कुणाकुणाला विचारला, पण विद्याधरभाऊंसमोर तिचा आवाज फुटत नसे. तुला बोलता येतं गो, तू विचार, असं तिने अश्लेषाला म्हटलं होतं. लग्नाआधी अश्लेषा साताऱ्यात एका वकिलाकडे टायपिंग करायची. त्यावरून गावाने तिला निम्मी वकीलच ठरवून टाकलं होतं.

तोच आठवडा अश्लेषाला मात्र तुकड्यातुकड्यांनीच आठवे. सातवा महिना, ताप, खोलीतला घरघर आवाज. उमंगच्या भाईंदरच्या मित्राने मशीन पाठवलं होतं म्हणून ती आणि आर्या वाचल्या. रिटाला हे माहीत होतं. तिने कधी हेवा केला नव्हता. उलट म्हणायची, "तुला तरी मिळालं, देवाची मेहेरबानी."

शाळेच्या पटांगणात लाल खुर्च्या मांडल्या होत्या. फाटकाशी पोरं प्रश्नांच्या चिठ्ठ्या वाटत होती. गळ्यात पक्षाचा पट्टा घातलेला एकजण जवळ आला.

"वहिनी, तुमचा विषय? म्हणजे भाऊंना सोपं पडतं. रस्ता, पाणी?"

"पाणी," अश्लेषा म्हणाली.

"पाण्याचे लई झालेत."

"मग रस्ता लिही."

त्याने रस्ता लिहिलं. रिटा तोंडावर रुमाल धरून हसली. रविवारच्या चर्चमधल्या मिस्साला नेसायची ती निळी साडी तिने नेसली होती. मागच्या रांगेतून लविनाने हाक मारली, "काय रिटा, लग्नाला चाललीस का?" रिटा म्हणाली, "लग्न नाय गो, मुलगा बघायला आलेय. पाच वर्षांनी तोंड दाखवतोय." आजूबाजूच्या बायका खुसुखुसू हसल्या. मग दोघी पुढून तिसऱ्या रांगेत बसल्या. आर्या मधल्या खुर्चीवर पाय हलवत बसली. रिटाचा हात तिच्या डोक्यावर होता. सवयीनेच. अँथनी गेल्यापासून या पोरीच्या केसांत तेल घालणं हे रिटाचं काम झालं होतं.

स्टेजवर कुणीतरी "हॅलो, हॅलो, चेक" करत होतं. विद्याधरभाऊ स्टेजवर न चढता आधी लोकांत शिरले. खादीचा साधा कुर्ता, हातात चष्मा. म्हाताऱ्यांच्या पाया पडत, नावाने चौकशी करत ते रांगांमधून पुढे सरकत होते. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाच्या मुलाला कुठे नोकरी लागली, सगळं त्यांना ठाऊक होतं. अश्लेषाला वाटलं, एवढं लक्षात राहणाऱ्या माणसाला पाच मशिनांचं काय झालं ते आठवायला हरकत नाही.

ते आर्यापुढे येऊन चक्क उकिडवे बसले.

"नाव काय बाळ?"

"आर्या उमंग राऊत."

"वा. मोठी झालीस की." मग मान वर करून अश्लेषाकडे पाहिलं. आवाज खाली आला, पण गोडवा तसाच. "वहिनी, आईंना सांगा, सुकेळी आत्ताच पोचली. दर वर्षी आठवण ठेवतात. इतकं कुणी ठेवत नाही हो."

अश्लेषाच्या चेहऱ्यावर काही उमटलं असावं, कारण ते क्षणभर थांबले.

"उमंग परवा आला होता ऑफिसात. म्हणाला, भाऊ, बायको ऐकत नाहीये, विचारणारच म्हणते. मी म्हटलं, विचारू दे. लोकशाही आहे." ते उठता उठता गुडघ्यावर हात ठेवून जरा वाकले. "त्या दिवशी हाच उमंग माझ्या दारात रडत होता. मी म्हटलं, पोटात लेकरू आहे, आधी ते. बाकीच्यांचं बघू. चुकलं का माझं?"

स्पीकर किंचाळला आणि गप्प झाला. विद्याधरभाऊ रिटापुढे हात जोडून, "बरं आहे ना, रिटाताई?" असं म्हणत पुढे गेले.

खोलीतला तो घरघर आवाज अश्लेषाच्या कानात सुरू झाला. मशीन गरम व्हायचं तरी सासूबाई त्यावर जुनी साडी टाकून ठेवायच्या. साडी घसरली की उमंग पटकन उठून ती सारखी करायचा. तापातही तिला वाटायचं, मशीनला थंडी कसली वाजते? साडीखाली काय चिकटवलेलं असेल ते आत्ता तिला बघितल्यासारखं दिसलं. विद्याधरभाऊंचं स्टिकर, हसरा चेहरा आणि जोडलेले हात. मशीन आलं तेव्हा बाहेर कातरवेळ होती, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुंपणापलीकडून रिटाच्या रडण्याचा आवाज आला होता. उमंगने खिडकी लावली होती.

तिने मागे वळून पाहिलं. फाटकाशी उमंग स्कूटरला टेकून उभा होता. नजरानजर झाली आणि त्याने मान खाली घातली. मशीन भाईंदरहून आलंच नव्हतं, हे एवढ्याने सांगून झालं.

तिने रिटाकडे पाहिलं. रिटा स्टेजकडे बघत होती. तिने ऐकलं होतं का? स्पीकर चालू होता. पण दोघींमध्ये एका खुर्चीचं अंतर, आणि त्या खुर्चीवर आर्या. सुकेळी हा शब्द तरी कानावर पडला असेल. गावच्या बाईला तेवढा पुरे.

भाषण सुरू झालं, रंगलं, संपलं. त्यातलं अश्लेषाला काही कळलं नाही. लेकीच्या मानेवर एक कळी सुटून पडली होती. ती उचलून तिने पुन्हा वेणीत खोवली. कळी पुन्हा निसटली. चुकलं का माझं. त्या माणसाने प्रश्न तिच्याच पदरात बांधून दिला होता आणि गाठ किती पक्की आहे हे त्याला ठाऊक होतं. रस्त्याचंच विचारावं. चिठ्ठीवर तेच लिहिलं होतं. घरी जाऊन रिटाला म्हणावं, जीभच अडली गं. रिटाने ते मानलंही असतं. तिची स्वतःची किती वेळा अडली होती.

"राऊतवहिनी, रस्त्याबद्दल," माईकवरून पुकारलं गेलं. पट्टा घातलेल्या त्या पोराने माईक आणून दिला. स्टेजवरून विद्याधरभाऊ हसून बघत होते, शेजारची म्हातारी माणसं बघतात तसं.

अश्लेषा उठली. आर्याने तिचा पदर धरला, तो तिने सोडवला नाही.

"भाऊ, तुम्ही मघाशी मला एक विचारलंत. त्याचं उत्तर मला येत नाही," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला स्पीकरमधून उशिरा ऐकू येत होता. "माझा प्रश्न रस्त्याचा नाही. समाजमंदिरातली ऑक्सिजनची मशिनं उद्घाटन झाल्यावर कुठे गेली, ते सगळ्यांना सांगा. कुणाच्या सांगण्यावरून गेली, कुणाकुणाकडे गेली. दुरुस्तीला नव्हती गेली. एक आमच्या घरी होतं. माझ्या उशाशी."

पटांगणात कुणीतरी खुर्ची सरकवली. फाटकाशी स्कूटर सुरू झाली नाही. उमंग तिथेच होता.

विद्याधरभाऊंनी माईक तोंडाजवळ नेला आणि बाजूच्या माणसाकडे पाहिलं.

रिटाने आर्याच्या केसांवरचा हात काढून घेतला. तो तिने स्वतःच्या मांडीवर ठेवला, त्यावर दुसरा ठेवला. अश्लेषाकडे तिने पाहिलं नाही. मग खुर्चीची पाठ धरून ती उठली, निळ्या साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि माईकशिवायच, पण पुढच्या रांगांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली,

"बाकीची चार कुठे गेली, तेपण सांगा."