माणशी एक ओगराळं

बंगालात माणसं अन्नावाचून मरताहेत आणि त्यासाठी एक गोरा साहेब भोकरदनला आचारी शोधतोय, हे ऐकलं तेव्हा मला आधी हसूच आलं. जिथे अन्नच नाही तिथे आचारी कशाला? पण साहेब खरा होता. परदेशातली कुठलीशी मदत करणारी संस्था होती, तिच्याकडे तांदूळ-डाळीची पोती होती आणि हजार माणसांचं रांधणारे हात नव्हते. इंग्रजी कळणारा मास्तर मी एकटाच सापडलो, म्हणून दुभाषा झालो.

दवंडी दिली, तर गावोगावची तरणी माणसं पसार झाली. साहेब लढाईवर भरती करायला आलाय, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. तीन दिवसांत एक माणूस आला नाही. शेवटी मीच धावड्याला जाऊन कचरू आचाऱ्याला गाठलं.

पंचक्रोशीतलं लग्न असो की भंडारा, चुलीवर कचरूच असायचा. पण लढाई सुरू झाली, सरकारने शेतकऱ्यांकडून धान्य उचललं आणि मोठ्या पंगती बंद पडल्या. दोन वर्षं त्याने कढई चढवली नव्हती.

"मला न्या, मास्तर," तो म्हणाला. "लोकांच्या वावरात निंदायला जाऊन राह्यलो मी. माझा हात मरून चालला."

जालन्याला कापसाच्या एका जिनाच्या आवारात परीक्षा ठरली. दोनशे मजुरांना पातळ खिचडी करून वाढायची. आदल्या दिवशी साहेबाने मला बजावलं, माणशी एकच ओगराळं. ओगराळं म्हणजे पंगतीत वाढायचा मोठा डाव. कुणी कितीही मागितलं तरी दुसरं नाही. फार दिवसांच्या उपाशी पोटात एकदम अन्न गेलं तर माणूस दगावतो, असं त्याचं म्हणणं. मला ते मुळीच पटलं नाही. जेवून कुणी मरतं का? साहेब हात आखडतोय आणि वर कारणं सांगतोय, असं वाटलं. शिवाय कचरूसारख्या आचाऱ्याला 'कमी वाढ' म्हणायची मलाच लाज वाटली. मी त्याला एवढंच सांगितलं, "नीट वाढ."

त्याने नीटच वाढलं. रांधताना माप नाही, चाखणं नाही. कढईशी कान नेऊन नुसत्या आवाजावर तो जाळ कमीजास्त करत होता. साहेब खूश होऊन बघत राहिला. मग पंगत बसली आणि कचरू बादली घेऊन निघाला. आसराबाई नावाच्या म्हातारीने ताटावर हात आडवे धरले. "बास, बास, भाऊ." आमच्याकडे याचा अर्थ अजून वाढा, असाच होतो. कचरूने ओगराळ्यानेच तिचे हात बाजूला सारले आणि आणखी दोनदा ओतलं. "लाजू नका, माय."

निम्मी पंगत झाली नाही तोच कढई रिकामी. कचरू बिलकुल गडबडला नाही. "बसा बराबर, दुसरी चढवतो जल्दी," म्हणत तो डाळ मागायला लागला. साहेबाने वहीतलं त्याचं नाव खोडलं.

"काय झालं, मास्तर? खारट झालं काय?"

मी सगळं सांगितलं. त्याने हातातलं ओगराळं खाली ठेवलं.

"मंग काल काहून न्हाई सांगितलं?"

खरंच, का नाही सांगितलं? साहेबाचं डोकं फिरलंय की माझं, तेच मला कळेना. पण एक कळत होतं, की माझ्या लाजेपायी या माणसाचा हात पुन्हा निंदणीला जाणार. मी साहेबासमोर जाऊन कबूल केलं. तो माझ्यावर भडकला, ते बरंच झालं. त्याने कचरूला दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं केलं.

त्या दिवशी कचरूने दोनशे ताटांत एकेकच ओगराळं घातलं. कुणी मागितलं, कुणी चिडून बोललं. तो मान वर न करता पुढे सरकत राहिला. साहेबाने त्याचं नाव पुन्हा लिहिलं. कचरू स्वतः मात्र जेवला नाही, आणि का जेवला नाही हे त्यालाही सांगता येईना.

आठ दिवसांनी मी साहेबाला आणि कचरूला जालना स्टेशनवर पोचवायला गेलो. कचरू डब्याच्या खिडकीशी बसला होता.

"मास्तर, साहेबाला एक इचारा. 'आज एवढंच, उद्या अजून देतो', हे बंगालीत कसं म्हणायचं?"

मी विचारलं. साहेबाने आपली वही इकडून तिकडे चाळली आणि मान हलवली. तोही तिकडे पहिल्यांदाच चालला होता.

"हात जोडून सांग," मी म्हटलं. "ते सगळ्यांना कळतं."

कचरू गोंधळून आपल्या हातांकडे बघायला लागला.

"एका हातात बादली असंन, मास्तर. अन् एकात ओगराळं."

तेवढ्यात गाडी हलली.