विडीच्या दोऱ्यानं बांधलेली पानं

मी एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर मला कपाटात स्वस्थ बसवत नाही. बाकीची पुस्तकं कशी शहाण्यासारखी एकमेकांना टेकून उभी असतात. माझं तसं नाही. माझ्या पोटात ग्रीक आणि रोमन लोकांच्या दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला एकही माणूस घरी टिकत नाही. कोणी लढायला निघालंय, कोणी जळत्या शहरातून पळतंय, कोणी वर्षानुवर्षं समुद्रात भरकटतंय. अशी माणसं पोटात घेऊन कोण शांत राहील? त्यात माझं आयुष्य गेलं सोलापुरात, जिथं नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं. समुद्र मी फक्त छापील पाहिला आहे.

माझा जन्म इथल्याच एका लहानशा छापखान्यात झाला. एका निवृत्त मास्तरांनी या गोष्टी सोप्या मराठीत लिहून काढल्या. मुलांसाठी म्हणून त्यांनी भाषा सोपी केली, पण गोष्टीतलं दुःख मात्र जिथल्या तिथं ठेवलं. नंतर मी आमच्या भागातल्या वाचनालयात आलो. सुरुवातीची वर्षं फार थाटाची होती. मुलं माझ्यासाठी नंबर लावत. एकानं चित्रातल्या राजाला पेनानं मिशा काढल्या, त्याचाही मला राग आला नाही. मग स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं आली आणि मी वरच्या फळीवर गेलो. वीस वर्षं मला कोणी हात लावला नाही. कसरीनं माझा एक कोपरा खाल्ला. शेवटी वाचनालय सांभाळणाऱ्या रुद्रप्पांनी मला रद्दीच्या ढिगात टाकलं.

तिथून मला शबानानं उचललं आणि रुद्रप्पांनी सवयीनं परतीची तारीख टाकून दिलं. ही बारावी झालेली मुलगी, आई जमीलाबरोबर घरी विड्या वळायची. त्यांच्या गल्लीत दुपारी सात-आठ बायका एका ओट्यावर सुपं मांडीवर घेऊन बसत. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. नजर पानावरून हलवायची सोय नाही, म्हणून मोबाइलवरची मालिका बघता येत नाही. कान मात्र रिकामे. तेव्हा त्यांनी एक रीत पाडली होती. एकीनं वाचायचं आणि तिच्या वाटणीच्या विड्या बाकीच्यांनी मिळून वळायच्या. वाचायचं काम शबानाकडे होतं. तिनं मला नेलं ते पानं जास्त आहेत म्हणून, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

मला वाटलं होतं, या बायकांना माझं काय कळणार? माझाच गर्व उतरला. माझ्यात एक राणी आहे. नवरा परत येईपर्यंत दुसरं लग्न टाळायचं म्हणून ती हे कापड पुरं झालं की लग्न करीन असं सांगते, दिवसा विणते आणि रात्री उसवते. हे ऐकून काशम्मा नावाची म्हातारी हसली. ती तरुणपणी हातमागावर बसलेली. म्हणाली, विणायला लागतो त्याहून जास्त वेळ उसवायला लागतो, मग ही बाई झोपायची कधी? दुसऱ्या, रोमन गोष्टीतला एक वीर म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन, मुलाचं बोट धरून जळत्या शहरातून बाहेर पडतो. बायका आधी खूश झाल्या. मग जमीलानं विचारलं, आणि बायको? बायकोला त्यानं मागून चालायला सांगितलेलं असतं आणि ती गर्दीत कायमची हरवते. त्या दुपारी त्या वीराचा जो उद्धार झाला, तो इतक्या वर्षांत कुठल्या विद्वानानं केला नसेल. मी मनातून फार सुखावलो. इतकं कान देऊन मला कोणीच ऐकलं नव्हतं.

पण काशम्माचं दुखणं वेगळं होतं. तिचा एकुलता मुलगा शंकरप्पा अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. त्यानं आपल्या मनानं अंकिता नावाच्या मुलीशी लग्न केलं, आणि काशम्मानं दारातच त्याला सांगितलं की ही आत आली तर तुझी आई मेली असं समज. तो तसाच फिरला आणि भिवंडीला यंत्रमागावर लागला. जमीलाचा भाऊ गुफरान टॉवेलचे गठ्ठे घेऊन ट्रकनं भिवंडीला जायचा. दर दिवाळीला त्याच्याबरोबर शंकरप्पाचा निरोप यायचा की अव्वानं, म्हणजे आईनं, बोलावलं तर येतो. काशम्माचं उत्तरही ठरलेलं, त्याला पाय न्हायत का? दोघंही हट्टी. तो तिच्या बोलावण्याची वाट बघत होता, ती त्याच्या येण्याची.

आता माझी सर्वात अवघड गोष्ट येते. ती राणी ज्याची वाट बघते, त्या राजाची आईही घरी वाट बघत असते. ती वाट बघता बघता झुरून मरते. राजा जिवंतपणी मेलेल्यांच्या देशात जातो तेव्हा ती त्याला तिथं भेटते. शबानानं ही पानं आदल्या दिवशीच वाचली आणि ती घाबरली. काशम्मा कारखान्यात विड्या द्यायला गेली होती, तेवढ्यात शबानानं बाकीच्या बायकांना ते सांगितलं. या बायकांच्या विड्या कारखान्यात रोज तपासल्या जातात आणि वाईट म्हणून निघालेल्यांना छाट म्हणतात. त्यांना सवयीनं तेच सुचलं. ही पानं छाट. जमीलानं विडीचा दोरा घेऊन माझी आठ पानं घट्ट बांधून टाकली.

दुसऱ्या दिवशी शबानानं मनानंच रचून वाचलं. राजा परत आला, आई उंबऱ्यातच उभी होती, तिनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. काशम्माचा चेहरा असा उजळला की बायकांना आपण पुण्य केल्यासारखं वाटलं. मित्रांनो, मला काय वाटलं असेल? माझ्या तोंडी खोटं घातलं होतं आणि खरं माझ्याच पोटात करकचून बांधलं होतं.

त्या खोट्याचं फळ लवकरच दिसलं. गुफरान निरोप घेऊन आला की शंकरप्पा आता पुन्हा विचारणार नाही. पूर्वीची काशम्मा हे ऐकून रात्रभर तळमळली असती. या वेळी ती निवांत होती. गोष्टीतली म्हातारी जागची हलली नाही तरी तिचा मुलगा आला, मग माझाही येईल, असं ती सगळ्यांना सांगू लागली. रोज उंबरा सारवायची, खोकायची आणि बसून राहायची. बायका एकमेकींकडे बघून भराभर विड्या वळायच्या. मला वाटायचं, वाऱ्यानं तरी माझी पानं सोडवावीत. पण दोरा पक्का होता. जमीलाचे हात कामाचे.

एके दुपारी शबानाला यायला उशीर झाला. काशम्मा मला मांडीवर घेऊन माझ्यावरची तंबाखूची धूळ पुसत बसली. तिला अक्षर येत नाही, पण दोरा बोटाला कळतो. तिचं बोट थांबलं. तिनं गाठ चाचपली आणि जमीलाकडे पाहिलं.

"ही तुजी गाठ हाय. काय बांदून ठेवलंय?"

जमीलानं मान खाली घालून पुढची विडी वळायला घेतली. शबाना आली तेव्हा काशम्मानं पान कापायच्या कात्रीनं दोरा कापलेला होता. तिनं मला शबानाच्या हातात दिलं आणि वाच म्हणाली. शबाना रडकुंडीला आली, पण तिनं वाचलं. आई सांगते की मला रोगानं नेलं नाही, तुझ्या ध्यासानं नेलं. मुलगा तीनदा तिला मिठी मारायला जातो आणि तीनही वेळा ती सावलीसारखी निसटते.

ओट्यावर एकही विडी वळली जात नव्हती. काशम्मा रडली नाही. बराच वेळ ती सुपातली पानं उगाच सारखी करत राहिली.

"जित्ती असताना यायला काय झालं हुतं त्याला?" ती म्हणाली. मग हळू आवाजात म्हणाली, "आन तिला तरी जायला काय झालं हुतं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गुफरानच्या ट्रकमध्ये बसली. पिशवीत एक लुगडं, एक शेंगाचटणीची पुडी आणि मी. वाटभर ती पिशवी छातीशी धरून बसली. मुलगा दार उघडेल का, याची धाकधूक तिच्याइतकीच मला होती.

दार शंकरप्पानंच उघडलं. त्याचे केस पिकले होते. तो अव्वा म्हणाला आणि तसाच उभा राहिला. काशम्माला ‘मी चुकले’ असं म्हणता येत नव्हतं, तिला कोणी ते शिकवलंच नव्हतं. तिनं मला पिशवीतून काढलं, दोऱ्याचा वळ उमटलेलं पान शोधलं आणि त्याच्या पुढं धरलं.

तो मोठ्यानं वाचू लागला. आईच्या बोलण्यापाशी तो तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचू लागला, पुढं सरकेना. तेव्हा अंकितानं पदराला हात पुसून त्याच्या हातून मला घेतलं आणि उरलेलं वाचून काढलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. खोलीत शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट येत होता, म्हणून तिला आवाज चढवावा लागला. काशम्मा तिच्या तोंडाकडे टक लावून ऐकत होती.

"अंकिता," ती म्हणाली, "सकाळपासनं पोटात काय न्हाय माज्या. भाकरी हाय का गं?"

अजून मी भिवंडीतच आहे. वाचनालयाची तारीख केव्हाच टळली, रुद्रप्पांची मी माफी मागतो. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या पुस्तकांना ऊन-पाण्यापासून जपा, पुठ्ठा घाला, कसर झटका. आमचं कडू पान आलं तर ते गाळू नका, कारण बहुतेक वेळा ते कोणासाठी तरी लिहिलेलं असतं. आणि वाचता वाचता तुम्हाला कोणाची आठवण झाली, तर मला तसंच उघडं पालथं घाला आणि आधी उठून तिकडे जा. मी हजारो वर्षांच्या गोष्टी घेऊन थांबलो आहे, मला आणखी थांबता येतं. माणसांना येत नाही.